सामाईक कागद

डिसेंबरचा मध्य उलटला की चेन्नईस मार्गळीचा महिना लागतो. उत्तरेकडून बदलून आलेल्या माणसाने जिला थंडी म्हणावे असे तीत काही नसते. पण पहाटे खिडकी उघडली तर मैलापुरातल्या गल्लीत, सडा घातलेल्या प्रत्येक दारापुढे एखादी स्त्री कमरेतून वाकून उभी असलेली दिसते. तिच्या चिमटीतून तांदळाचे पीठ सुटत असते आणि ओल्या जमिनीवर पांढरी रेघ न अडखळता वळणे घेत असते. आमच्या वाचकांपैकी ज्यांची या शहरी बदली झाली आहे त्यांनी हा देखावा पाहिला असेल. आम्हीही तो अनेक वर्षे पाहिला, आणि पाहण्याच्या सवयीने पाहिनासे झालो. त्याविषयी विचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती एका घरगुती अडचणीमुळे.

आमच्या बिऱ्हाडाचे दार आणि शेजारच्या मामींचे दार समोरासमोर आहे. मध्ये जिन्याजवळची चार हात मोकळी जागा. ती दोन्ही घरांची सामाईक. पहिल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतीने आपल्या दारापुढे रांगोळी घातली आणि मामींनी आपल्या दारापुढे कोलम काढला. दोहोंच्या मध्ये वीतभर जागा कोरी राहिली. दुसऱ्या वर्षी तीही कोरी राहिली. तिसऱ्या वर्षी भोगीच्या पहाटे मामी पिठाचा डबा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी मोडक्या हिंदीत विचारले, की आज दोघींनी मिळून एकच काढायचा का? सौभाग्यवती तयार झाली. आम्ही चहाचा पेला घेऊन दारात उभे राहिलो. वास्तविक त्या क्षणी आमच्या उपस्थितीची कोणासही गरज नव्हती.

मामींनी ठिपके मांडले. त्यांच्या भाषेत ठिपक्याला 'पुळ्ळी' म्हणतात. ठिपके मांडून झाले आणि अडचण उभी राहिली. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ एका ठिपक्यापासून निघून दुसऱ्यास जाऊन मिळते. ठिपका हे रेघेचे मुक्कामाचे ठिकाण असते. मामींच्या 'शिक्कु' कोलमात रेघ ठिपक्यास कधीच शिवत नाही. ती त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालून पुढे जाते, दुसऱ्याभोवती वळते, स्वतःलाच ओलांडते आणि अखेर जेथून निघाली तेथेच येऊन मिटते. ठिपके तेच, पण त्यांचा अर्थ दोन घरांत दोन प्रकारचा! पाच-सात मिनिटे दोघीही घोटाळल्या. शेवटी मामींची रेघ आतून वळत गेली आणि सौभाग्यवतीने तिच्या कडेने कमळाच्या पाकळ्यांची महिरप धरली. एके ठिकाणी मात्र, जेथे पाकळी यावयाची तेथेच, मामींची रेघ आधी येऊन बसली. सौभाग्यवतीने क्षणभर हात थांबवला, पाकळी थोडी लहान केली आणि पुढे गेली.

मागाहून आम्ही तिला विचारले, "तुझी पाकळी आखडली, त्याचे तुला काही वाटले नाही?" ती म्हणाली, "त्यांची रेघ आधी पडली होती. आता तिला सांभाळूनच मला पुढे जायला हवं." आम्ही म्हणालो, "आणि ती रेघ चुकलेली असती तर?" ती म्हणाली, "चुकली असती तर तिथेच सांगितलं असतं. ओल्या फडक्यानं पुसायला कितीसा वेळ लागतो?"

हे उत्तर आमच्या मनातून जाईना. एका कागदावर, एका भिंतीवर अथवा एका अंगणात दोघांनी मिळून काही रेखाटावयाचे, तर त्यातले माझे किती आणि दुसऱ्याचे किती? जे दोघांचे आहे त्याची जबाबदारी कोणाची? हा प्रश्न केवळ चित्रकारांचा नाही, याची आम्हांस हळूहळू खात्री पटत गेली. परंतु तो चित्रकारांपासून सुरू करणेच सोयीचे आहे.

अंगणातून भिंतीकडे वळावयाचे तर आमच्या मनासमोर प्रथम डहाणूकडची वारली वस्ती येते. तेथेही तांदळाचेच पीठ, पण पाण्यात कालवलेले, आणि कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर लावलेले. लग्नघरी देवतेचा चौक लिहावयाचा, तो सवाष्णींनी. त्या हातांची नावे कोठेही नोंदविलेली नसत; चौक लग्नासाठी असे आणि लग्न झाले की त्याचे काम संपे. १९७० नंतरच्या दशकात हीच रेषा कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी विधीपासून मोकळी अशी चित्रे काढली, ती देशोदेशी गेली, आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सवाष्णींचे जे होते त्यावर एका पुरुषाचे नाव लागले, असा कोणी आक्षेप घेईल. आणि नाव लागले म्हणूनच जगाने त्या भिंतींकडे पाहिले, असे कोणी त्यास उत्तर देईल. आम्हांला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. नाव लागल्याने काही मिळते आणि काही जाते. परंतु नाव हीच या प्रश्नाची किल्ली आहे काय, याविषयी आम्हांस शंका आहे.

शंकेचे कारण मोगल चित्रशाळेत सापडते. अकबराच्या चित्रशाळेत एकच चित्र दोघा-तिघांच्या हातांखालून जात असे. एकजण आराखडा करी, त्यास 'तरह' म्हणत. दुसरा रंग भरी, तो 'अमल'. आणि केव्हा केव्हा चेहऱ्यांपुरता तिसरा चित्रकार नेमलेला असे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात असलेल्या अकबरनाम्याच्या पानांखाली समासात ही नावे नोंदविलेली आहेत. बसावनासारख्या श्रेष्ठ चित्रकाराची तरह आणि दुसऱ्या कोणाचा अमल, असा हिशेब स्पष्ट लिहिलेला आढळतो. म्हणजे एका कागदावर अनेकांनी काम करणे याचा अर्थ सर्वांनी अनाम होणे असा होत नाही. अकबराच्या मुलाने, जहांगिराने, आपल्या आत्मवृत्तात तर मोठ्या अभिमानाने म्हटले आहे, की एकाच तसबिरीत चेहरा एकाने काढला आणि डोळे व भुवया दुसऱ्याने काढल्या, तरी कोणता भाग कोणाच्या हातचा हे आपण सांगू शकतो. बादशाही बढाईचा भाग वजा केला तरी त्यातले सत्य उरतेच. कागद वाटून घेतला म्हणून हात मिसळून जात नाहीत. ज्यास पाहण्याची दृष्टी आहे त्यास प्रत्येक रेघ आपला धनी कोण हे सांगते, मग समासात नाव असो वा नसो.

याच्या अगदी उलट टोकाचा प्रयोग १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये झाला. अतिवास्तववादी कवी आणि चित्रकार संध्याकाळी एकत्र जमत आणि एक खेळ खेळत. पहिल्याने कागदाच्या वरच्या भागात डोके काढावयाचे, तो भाग दुमडून दुसऱ्याच्या हाती द्यावयाचा. दुसऱ्याने डोके न पाहता धड काढावयाचे आणि दुमडून तिसऱ्याकडे सरकवावयाचे. तिसऱ्याने पाय काढावयाचे. मग कागद उलगडला की जे विचित्र प्राणी प्रकट होत त्यांवर ही मंडळी खूष होत. 'सुंदर प्रेत' अशा अर्थाचे नाव त्यांनी या खेळाला दिले होते. मनाच्या तळाशी जे दडलेले असते ते बुद्धीचा पहारा उठला की वर येते, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि करमणूक म्हणून या खेळात वावगे काहीच नाही. आमच्या कामाची गोष्ट एवढीच, की येथेही कागद एकच आहे आणि हात अनेक आहेत. फक्त आधीची रेघ पाहावयाची नाही असा नियम आहे. मामींच्या कोलमात तीच पाहावयाची असते. सामाईक कागदाच्या या दोन जाती आहेत, आणि आमच्या मते सारा नीतिविचार या भेदातच आहे.

हा भेद अधिक स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही एका रविवारी मामल्लपुरमच्या रस्त्याने इंजंबाक्कम येथील चोळमंडल कलाग्रामात पुन्हा एकदा जाऊन आलो. या ठिकाणाची हकीकत येथल्या मराठी मंडळींस ठाऊक असावी तितकी ठाऊक नाही. मद्रासची कलाशाळा जुनी. १८५० साली अलेक्झांडर हंटर नावाच्या एका शल्यवैद्याने ती स्थापिली. के. सी. एस. पणिक्कर १९५७ साली तिचे मुख्य झाले. त्यांना दिसले, की शाळेतून बाहेर पडणारी गुणी मुले पोटासाठी मिळेल ती नोकरी पत्करतात आणि दोन-तीन वर्षांत त्यांचा कुंचला वाळून जातो. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मोठा व्यवहारी होता. चित्र विकले जाईल याचा भरवसा नसतो. पण मेण आणि रंग यांनी नक्षी केलेले बाटिकचे कापड विकले जाते. तेव्हा हातकाम सर्वांनी मिळून करावे, त्यावर सर्वांनी जगावे, आणि उरलेल्या वेळात ज्याने त्याने आपले चित्र काढावे. बाटिक आणि तत्सम वस्तूंच्या विक्रीतून साठलेल्या पैशांवर या मंडळींनी समुद्राकाठी सुमारे दहा एकर रेताड जमीन घेतली आणि १९६६ साली सुमारे तीस कलावंतांचे हे गाव उभे राहिले. पणिक्कर १९७७ साली वारले. गाव त्यांच्यामागे टिकले. त्या काळी शहरापासून दूर वाटणारी ती जागा आता शहराने वेढून टाकली आहे, तरीही ते टिकून आहे.

आम्हांस विशेष वाटले ते हे, की या गावाने जमीन सामाईक केली, रोजगार सामाईक केला, प्रदर्शनाची जागा सामाईक केली. पण चित्र सामाईक केले नाही. सुलतान अलींचे चित्र सुलतान अलींचेच राहिले आणि नंदगोपालांचे धातुशिल्प नंदगोपालांचेच. ज्यांनी एवढे वाटून घेतले त्यांनी शेवटची वस्तू राखून का ठेवली? अहंकार, असे सोपे उत्तर देता येईल. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. बाटिकचे काम अनेकांनी मिळून करता येते, कारण तेथे मेण कोठे लावावयाचे आणि रंगात किती वेळ बुडवावयाचे हे ठरवता येते, दुसऱ्यास सांगता येते, आणि चुकले तर कोठे चुकले तेही दाखवता येते. चित्रात पुढची रेघ कोठे जाणार हे खुद्द काढणारासही ठाऊक नसते. तिचे उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते. पणिक्करांच्या मंडळींनी वाटून घेण्याजोगे वाटून घेतले, आणि जे उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे ते त्याच्याकडेच ठेवले. यात आम्हांला स्वार्थापेक्षा विवेक अधिक दिसतो.

पणिक्करांच्याच 'शब्द आणि चिन्हे' या १९६३ पासूनच्या चित्रमालेतील काही चित्रे आम्ही पाहिली आहेत. जन्मपत्रिकेसारखी कोष्टके, वाचता न येणाऱ्या ओळी, समासात गर्दी केलेली चिन्हे, मध्येच एखादा पक्षी वा मासा. दुरून पाहणाऱ्यास एखादे जुने दप्तर उघडून ठेवल्यासारखे वाटते. त्या चित्रांपुढे उभे असताना आमच्यातला चित्ररसिक बाजूस सरला आणि आमच्यातला सरकारी नोकर जागा झाला. आम्हांला फायलीतील टिपणीचा कागद आठवला. आणि मग ध्यानात आले, की ज्या सामाईक कागदाचा शोध आम्ही अकबराच्या चित्रशाळेत आणि पॅरिसच्या बैठकीत घेत होतो, त्यावर आमच्या स्वतःच्या आयुष्याची तीस वर्षे गेली आहेत.

टिपणीचा कागद म्हणजे दुसरे काय? खालच्या टेबलावरचा लिपिक पहिली रेघ ओढतो. त्याखाली अधीक्षक आपली ओढतो, त्याखाली शाखाधिकारी, त्याखाली आणखी वरचा. कागद एक, हात चार-पाच, शाई निरनिराळी, आणि शेवटी जे चित्र तयार होते ते एखाद्या माणसाचे भवितव्य असते. आपल्या पूर्वजांस या कागदाचे मर्म चांगले कळत होते. शिवकालीन पत्रात मजकूर लिहिणारा हात वेगळा असे. मजकूर संपला की तेथे 'मर्यादेयं विराजते' हा मोर्तबाचा शिक्का उमटे. येथे मर्यादा झाली. यापुढे कोणी काही घुसडावयाचे नाही. आपण आज 'शिक्कामोर्तब' हा शब्द सहज वापरतो, पण त्यात सामाईक कागदाचे एक नीतिशास्त्र साठवलेले आहे: माझा शब्द कोठे संपला हे मी सांगेन, आणि तेथवरच्या मजकुराचे उत्तरही मीच देईन. आजच्या केंद्र सरकारच्या कार्यपद्धतीच्या पुस्तिकेतही याच जातीचा एक सुंदर नियम आहे. कनिष्ठाने लिहिलेली टिपणी वरिष्ठाने त्याच्याकडून बदलून घेऊ नये. मतभेद असेल तर खाली आपली स्वतंत्र टिपणी लिहावी. लिहिलेल्या मजकुरावर कागद चिकटवून तो झाकणेही अनुचित मानले आहे.

झाकण्याचा उल्लेख निघाला तेव्हा तंजावरास गेल्यावाचून गत्यंतर नाही. मराठी माणसाला ते ठिकाण तसेही दूर नाही. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवती अंधारी प्रदक्षिणेची वाट आहे. तिच्या भिंतींवर चोळांच्या चित्रकारांनी चित्रे काढली. पुढे सुमारे सहा शतकांनी नायक राजांच्या काळात त्याच भिंतींवर नवा गिलावा चढवून नवी चित्रे काढण्यात आली, आणि खाली काही आहे याचाच लोकांना विसर पडला. १९३१ साली गोविंदस्वामी नावाच्या एका संशोधकास वरचा थर निसटलेल्या जागी खालची चोळ रेषा दिसली. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने मोठ्या कौशल्याने वरचा थर अलग करून फलकांवर बसविला आणि खालचा उघडा केला. दोघेही वाचले, हे आपले भाग्य.

नायकांच्या चित्रकारांस आम्ही दोष देत नाही. भिंत जुनी झाली होती, देवाची सेवा करावयाची होती, आणि त्यांची चित्रेही सामान्य नाहीत. परंतु त्याच देवळाच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले कुळाचा वृत्तान्त मराठीत कोरविला, त्याची आठवण येथे होते. त्याच देवळाच्या दगडांवर चोळांचे तमिळ लेख आहेत. मराठी लेखाने आपल्यासाठी वेगळी जागा घेतली. गादी भोसल्यांची होती, छिन्नी त्यांची होती, मनात आणते तर जुन्या अक्षरांवर नवी अक्षरे चढविता आली असती. तसे झाले नाही. आठशे वर्षांच्या अंतराने दोन भाषा एकाच देवळाच्या दगडावर नांदल्या. मामींच्या रेघेपाशी आखडलेली पाकळी आम्हांला त्या आवारात आठवली होती, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता आमच्या स्वतःच्या एका रेघेविषयी लिहिणे भाग आहे. इतका वेळ इतरांच्या कागदांचे परीक्षण केल्यावर आपला कागद दुमडून ठेवणे न्यायाचे होणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. चेन्नईपासून दूर, एका लहान गावच्या कचेरीत आम्ही होतो. एका मृत शिपायाच्या विधवेच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाची फाईल संध्याकाळी साडेपाचला आमच्यापुढे आली. सेवेत खंड आहे, सबब वेतन देय नाही, असा शेवटच्या पानावर निष्कर्ष होता. त्याखाली एक सही, तिच्याखाली दुसरी, दोन्ही 'सहमत'. आम्ही तिसरी केली. दोन वर्षांनी ती बाई एका कार्यकर्त्यास घेऊन आली आणि फाईल पुन्हा उघडावी लागली. तेव्हा आदल्या पानावर लिपिकाने लिहिलेली ओळ आम्ही प्रथमच वाचली: सेवापुस्तकाचे एक पान फाटलेले दिसते, तेव्हा मूळ कचेरीकडून खातरजमा व्हावी. ती खातरजमा कोणी केली नव्हती. ती केली तेव्हा खंड नव्हताच असे निघाले. वेतन मंजूर झाले, मागील बाकीही मिळाली. मधल्या दोन वर्षांत तिचा मुलगा शाळा सोडून एका गॅरेजात लागला होता. त्याचे मात्र काही मागे मिळाले नाही.

चौकशी झाली. लिपिक म्हणाला, मी शंका नोंदवली होती. अधीक्षक म्हणाले, मी निष्कर्षाचा मसुदा वर पाठवला, निर्णय वरचा. मधले अधिकारी म्हणाले, खालून जे आले त्याच्याशी मी सहमत झालो. आम्ही म्हणालो, दोन सह्या असताना तिसऱ्याने अविश्वास का दाखवावा? प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना खरे वाटे. चौघांचा दोष चौघांत विभागला गेला, आणि विभागता विभागता इतका सूक्ष्म झाला की कोणासही तो टोचेना. प्रकरण मिटले. आम्ही त्या दिवशी घरी जाऊन शांतपणे जेवलो, ही गोष्ट आज आम्हांस त्या सहीपेक्षाही अधिक लाजिरवाणी वाटते.

आम्ही काय केले होते? पॅरिसच्या त्या खेळातील नियम आम्ही कचेरीत आणला होता. आदले पान दुमडलेले आहे असे समजून आम्ही खालचा भाग काढला. खेळात त्यातून विचित्र प्राणी निघे आणि हशा होई. येथे एक मुलगा शाळेतून निघाला.

येथे आम्हांस एक विसंगती दिसते, आणि तीच या लेखाचे सांगणे आहे. कोलमावर सही नसते. तो कोणी काढला हे सकाळी रस्त्याने जाणाऱ्यास ठाऊक नसते, दुपारपर्यंत तो पायांखाली विस्कटतो आणि मुंग्या पीठ नेतात. तरी काढणारी प्रत्येक रेघेचे उत्तर देत असते. एक वळण चुकले तर ती रेघ मिटतच नाही, आणि चूक उघड्यावर राहते. फायलीवर सही असते, तारीख असते, हुद्दा असतो, कागद वर्षानुवर्षे जपला जातो. आणि तरी उत्तर देणारा कोणी असेलच असे नाही. म्हणजे नाव आणि जबाबदारी या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत अशी जी आपली समजूत असते, ती खरी नाही. नाव सोडूनही जबाबदारी घेता येते, आणि नाव लिहूनही ती टाळता येते.

यावर कोणी म्हणेल, की हे आदर्श कोलमापुरते ठीक. दिवसाला चाळीस फायली पाहणाऱ्याने प्रत्येकीचे आदले पान उलटावे म्हटले तर राज्यकारभार थांबेल. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. विश्वासावाचून सामाईक काम चालतच नाही. बसावनाचा आराखडा रंग भरणाराने प्रत्येक वेळी नव्याने तपासावयाचे म्हटले असते तर अकबरनामा पुरा झाला नसता. परंतु रंग भरणाराने आराखड्यावर विश्वास ठेवला तो त्याकडे पाहून. न पाहता ठेवलेला विश्वास म्हणजे विश्वास नव्हे, ती सोय आहे. आणि तिला विश्वासाचे नाव दिले की ती सद्गुणासारखी दिसू लागते. चाळीस फायली असतील तर चाळीस आदली पाने नीट वाचता येणार नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. मग ज्या फायलीत कोणाला काही मिळावयाचे आहे तिच्यापेक्षा ज्या फायलीत कोणाचे काही जावयाचे आहे तिचे पान आधी उलटावे, एवढा तारतम्याचा नियम तरी आपल्यास पाळता येईल. त्या संध्याकाळी तो आम्ही पाळला असता तर दहा मिनिटे लागली असती.

तेव्हा सामाईक कागदावर काम करणाऱ्याने काय करावे? सौभाग्यवतीने चहाच्या वेळी दिलेल्या दोन वाक्यांपलीकडे आम्हांस फारसे सांगता येत नाही. आधीची रेघ पाहावी. ती ठीक असेल तर आपली पाकळी आखडली तरी तिला सांभाळून पुढे जावे. ती चुकली असेल तर तेथल्या तेथे, ओले आहे तोवर सांगावे. श्रेय वाटून घ्यावे, सोडून द्यावे, हवे तर समासात लिहून ठेवावे. त्याने कागदाचे काही बिघडत नाही. दोष मात्र वाटून कमी होत नाही. चौघांनी मिळून काढलेल्या चुकीच्या रेघेचा प्रत्येकजण पावहिस्सा धनी नसतो. प्रत्येकजण पुरा धनी असतो.

आपण सारे बदलीची माणसे. ज्या खुर्चीवर आपण बसतो तिच्यापुढचा कागद कोणी तरी अर्धा लिहून गेलेला असतो, आणि आपण गेल्यावर तो दुसरा कोणी पुढे लिहिणार असतो. बहुतेकांचे मुख तर आपण पाहिलेलेही नसते. अशा अनोळखी माणसांशी प्रामाणिक राहणे कठीण आहे, कारण ते आपल्यास विचारावयास येत नाहीत. त्यांच्या वतीने विचारणारा जो कोणी असतो तो आपल्याच आत बसलेला असतो, आणि तो साडेपाचनंतर बहुधा थकलेला असतो.

येत्या उन्हाळ्यात आमचीही येथून बदली व्हावयाची आहे. जिन्याजवळच्या जागेत आता मधली वीतभर पट्टी कोरी राहत नाही. आतून मामींची वळणे आणि कडेने आमच्याकडची कमळे असा त्या दोघींचा तह झाला आहे, आणि कोठे मामींनी वळण आवरते घेतले व कोठे पाकळी लहान झाली हे आम्हांला आता ओळखता येऊ लागले आहे. आमच्या जागी जे बिऱ्हाड येईल त्यातल्या बाईंना ठिपक्यांची रांगोळी येते की नाही, हे मामींनी सौभाग्यवतीला आताच विचारून ठेवले आहे.